लोकलची झाली कुर्ली

समजा, तुम्ही चिंचपोकळीला राहता. कोऱ्या पोस्टकार्डावर तुम्ही लोकलचं नुसतं तोंड काढलंत. वर काच, खाली दोन दिवे, बस्स! बाकीची गाडी मुद्दाम सोडून दिलीत आणि कार्ड कणकवलीच्या मावसभावाला धाडलंत. काही दिवसांनी ते परत येतं, तर काय! दिव्यांचे झालेत डोळे, बाजूंना फुटल्यात आठ तंगड्या आणि पुढे दोन नांग्या. लोकलची चक्क कुर्ली! आता पाळी तुमची. त्या नांग्यांत काय द्याल?

अमेरिकेत रे जॉन्सन नावाचा चित्रकार होऊन गेला. तो लोकांना चित्रं नि कात्रणं टपालानं पाठवायचा आणि कधीकधी सांगायचा, यात भर घाला नि परत पाठवा. पुढे जगभरचे लोक अशी टपालकला करू लागले. आपल्याकडे शांतिनिकेतनात नंदलाल बोस साध्या पोस्टकार्डांवर चित्रं काढून विद्यार्थ्यांना पाठवत. आणि चिंचपोकळीशेजारच्या लालबाग-परळला तर एका पत्राला चार हात लागायची सवय जुनीच. गिरणीतल्या कित्येक कामगारांना लिहिता येत नसे. ते सांगत, खोलीतला कुणी शिकलेला लिहून देई आणि गावी मास्तर नाहीतर पोस्टमन ते घरच्यांना वाचून दाखवी.

कार्डाला कणकवलीची वाट दाखवतो तो पिनकोड. लालबागचा 400012, कणकवलीचा 416602. पहिला 4 दोन्हींत सारखा, कारण विभाग एकच. पहिले तीन आकडे मिळून टपाल खात्याचा कुठला वर्गीकरण-जिल्हा ते सांगतात, 400 म्हणजे मुंबई आणि आसपासचा भाग. शेवटचे तीन नेमकं पोस्ट ऑफिस दाखवतात. ही युक्ती श्रीराम भिकाजी वेलणकरांची, 15 ऑगस्ट 1972 पासून सुरू झालेली. वेलणकर टपाल खात्यातले मोठे अधिकारी, आणि संस्कृतातले कवीसुद्धा!

पण मला सगळ्यांत आवडतो तो तुमच्या नि मावसभावाच्या नंतरचा तिसरा चित्रकार, पाऊस. स्केचपेनचा काळा रंग बहुतेक वेळा निळा, गुलाबी, पिवळा असे रंग मिसळून केलेला असतो. त्यावर थेंब पडला की पाणी कागदाच्या बारीक तंतूंतून पसरतं आणि रंगांना सोबत ओढतं. कागदाला घट्ट चिकटणारा रंग मागे राहतो, पाण्याबरोबर सहज जाणारा पुढे पळतो. बघता बघता काळ्या रेघेला निळी-गुलाबी झालर! मेणखडूनं रंगवलेली नांगी मात्र जशीच्या तशी, कारण मेण पाण्याला आत शिरू देत नाही. ती झालर बघून मावसभावाला तिथे समुद्र काढावासा वाटला तर?

पोस्टकार्ड मिळतं 50 पैशांना, पण त्यावरच्या तिकिटावर ठप्पा पडला की ते बाद. म्हणून तेच कार्ड परत पाठवताना लिफाफ्यात घाला आणि 5 रुपयांचं तिकीट लावा. पत्ता मात्र बॉलपेननंच लिहा. त्याची शाई तेलकट असते, पावसात सहसा पसरत नाही.