शिक्षा झाली, पण नुकसान भरून निघालं का?

घरात चोरी झाली की पोलीस येतात, पंचनामा होतो, एफआयआर लिहिला जातो. चोर सापडलाच तर खटला उभा राहतो आणि त्याचं नाव असतं ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक तमुक’. ज्या घरातलं मंगळसूत्र गेलं, त्या घराचं नाव त्यात कुठेच नसतं. त्यांना फक्त साक्षीला बोलावतात. तारखांवर तारखा पडतात, शिक्षा होते किंवा होत नाही. पण ‘आमच्याच घरात का शिरलास?’ हा साधा प्रश्न विचारायची संधी घरच्यांना मिळत नाही.

उत्तर अमेरिकेतील काही ख्रिस्ती मंडळी गेली ५० वर्षं याच प्रश्नावर काम करताहेत. त्यांच्या विचाराला ‘रिस्टोरेटिव्ह जस्टिस’ म्हणतात. म्हणजे असा न्याय, ज्यात गुन्हेगाराला किती वर्षं डांबायचं एवढंच न पाहता, कोणाचं काय नुकसान झालं आणि ते कोण भरून देणार, हेही पाहिलं जातं.

दार वाजवून मागितलेली माफी

सुरुवात झाली १९७४ मध्ये, कॅनडाच्या ओंटारियो प्रांतातल्या एल्मायरा या छोट्या गावात. दारूच्या नशेत दोन तरुणांनी एका रात्रीत २२ ठिकाणी नासधूस केली. गाड्यांचे टायर फाडले, खिडक्या फोडल्या. मार्क यांत्झी हे प्रोबेशन अधिकारी मेनोनाइट पंथाचे होते. शांतता आणि समेटाला हा पंथ फार मानतो. त्यांनी न्यायाधीशांना सुचवलं की या मुलांना ज्यांचं नुकसान केलं त्यांच्यासमोर उभं करून पाहू या. न्यायाधीश आधी साशंक होते, पण नंतर तयार झाले. दोघं घरोघरी गेले, दार वाजवलं, गुन्हा कबूल केला आणि पुढे काही महिन्यांत भरपाईही दिली. त्यातला एक जण मोठेपणी याच विषयावर लोकांशी बोलू लागला. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, एल्कहार्ट इथे असाच उपक्रम सुरू झाला.

कायदे करणारेच तुरुंगात गेले तेव्हा

चार्ल्स कोल्सन हे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे खास सल्लागार. वॉटरगेटच्या काळात, १९७४ मध्ये, न्यायप्रक्रियेत अडथळा आणल्याबद्दल त्यांना शिक्षा झाली. सात महिने तुरुंगात काढून ते बाहेर आले आणि १९७६ मध्ये ‘प्रिझन फेलोशिप’ ही ख्रिस्ती संस्था काढली. कैद्यांसोबत प्रार्थना करणं हे मुख्य काम होतं. पण कायदाच बदलला नाही तर नुसत्या प्रार्थनेने भागणार नाही, हे लक्षात आल्यावर १९८३ मध्ये ‘जस्टिस फेलोशिप’ सुरू झाली. पुढे तिची धुरा सांभाळली पॅट नोलन यांनी. तेही कॅलिफोर्नियाच्या विधानसभेतले रिपब्लिकन नेते होते आणि भ्रष्टाचाराच्या प्रकरणात तुरुंगात जाऊन आले होते.

अमेरिकेत बहुतेक कैदी केंद्राच्या नाही, तर राज्यांच्या तुरुंगात असतात. म्हणून या मंडळींनी राज्यांच्या विधिमंडळांची दारं ठोठावली. मागण्या साध्या होत्या. पीडितांचं ऐकून घ्या, त्यांना भरपाई द्या. हिंसा न करणाऱ्यांसाठी तुरुंगाशिवाय दुसरा मार्ग ठेवा. शिक्षा भोगून आलेल्याला काम मिळू द्या.

कडक कायद्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या टेक्सासमध्ये २००७ साली मोठा बदल झाला. आणखी सुमारे १७,००० कैद्यांसाठी जागा लागेल आणि त्यावर जवळपास दोन अब्ज डॉलर खर्च होईल, असा अंदाज समोर होता. रिपब्लिकन जेरी मॅडन आणि डेमोक्रॅट जॉन व्हिटमायर या दोन आमदारांनी वेगळी वाट काढली. नवे तुरुंग बांधण्याऐवजी सुमारे २४.१ कोटी डॉलर व्यसनमुक्ती, उपचार आणि देखरेखीवर खर्च करायचं ठरलं. २०११ मध्ये टेक्सासने आपल्या इतिहासात पहिल्यांदाच एक तुरुंग बंद केला. याचं श्रेय एकट्या चर्चचं नाही, पैशाचा हिशोबही मोठा होता. पण कडक शिक्षेची सवय झालेल्या मतदारांना हे पटवायला श्रद्धावान मंडळींचा आवाज उपयोगी पडला.

टेक्सासमध्येच जॉन सेज यांच्या बहिणीची १९९३ मध्ये हत्या झाली. राग आणि नैराश्यातून सावरत त्यांनी ‘ब्रिजेस टू लाइफ’ हा कार्यक्रम उभारला. १९९८ पासून गुन्ह्याची झळ बसलेली माणसं तुरुंगात जाऊन कैद्यांसमोर बसतात आणि आपल्या घराचं काय झालं ते सांगतात. आपल्या गुन्ह्याने कोणाचं घर कसं मोडतं, हे अनेक कैदी तिथे पहिल्यांदाच ऐकतात.

सगळंच गोड नाही

आयोवा राज्यात प्रिझन फेलोशिपशी जोडलेल्या एका कार्यक्रमाला सरकारी पैसा मिळत होता. सरकारी पैशातून धर्माचा प्रचार होतो, असं म्हणत न्यायालयाने २००६ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला. तुरुंगातल्या माणसाला ‘नाही’ म्हणणं सोपं नसतं, म्हणून ही सीमारेषा महत्त्वाचीच आहे.

दुसरा धोका आपल्या घरांना चांगलाच ठाऊक आहे. ‘जाऊ दे, मिटवून टाक’ हे वाक्य मार खाणाऱ्या कितीतरी सुनांनी ऐकलंय. तो समेट नाही, दबाव आहे. टेक्सासच्या तुरुंग विभागात पीडित आणि गुन्हेगाराची भेट घडवण्याची सोय १९९३ पासून आहे, पण ती पीडिताने मागितली तरच होते. माफ करायचं की नाही, हे ज्याने सोसलं त्यानेच ठरवायचं.

आपल्याकडे काय?

सिस्टर रानी मारिया मध्य प्रदेशात गरीब आदिवासी शेतकऱ्यांना सावकारीतून सोडवण्यासाठी झटत होत्या. १९९५ मध्ये चालत्या प्रवासात, बसमध्ये त्यांची हत्या झाली. २००२ मध्ये त्यांच्या बहिणीने तुरुंगात जाऊन मारेकऱ्याच्या हातावर राखी बांधली. कुटुंबानेच त्याच्या सुटकेसाठी प्रयत्न केले आणि २००६ मध्ये तो बाहेर आला.

महाराष्ट्राला तर हा विचार नवा नाहीच. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत १९३९ मध्येच उभी राहिली. तिथल्या प्रयोगावरूनच व्ही. शांताराम यांचा ‘दो आंखें बारह हाथ’ हा सिनेमा आला.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही याची एक छोटी खिडकी आहे. चोरी पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची असेल, चोर पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर त्याला तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा मिळते. गंभीर गुन्ह्यात कोणाला इजा झाली असेल किंवा घरचं माणूस गेलं असेल, तर राज्याच्या पीडित भरपाई योजनेसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. ही माहिती अनेक घरांपर्यंत पोहोचतच नाही. तुमच्या ओळखीत असं कोणी असेल तर त्यांना आजच सांगा.

आणि घरात मुलाने शेजारच्यांची काच फोडली, तर दोन धपाटे घालून विषय संपवू नका. त्याचा हात धरून शेजारी न्या, त्याला स्वतः बोलू द्या आणि काचेचे पैसे त्याच्या खाऊच्या पैशांतून जाऊ द्या. एल्मायरामध्ये यापेक्षा वेगळं काही घडलं नव्हतं.