फक्त कार्ड बदलायचे, की प्रोसेसरही?

माहुलसारख्या वस्तीत छोट्या गाळ्यात चार-पाच संगणक मांडून तासाच्या हिशेबाने मुलांना गेम खेळू देणारा धंदेवाला असो, की लग्नाच्या व्हिडिओचे एडिटिंग करणारा कारागीर, तीन-चार वर्षांनी त्याच्यापुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. मशीन अडखळू लागते, गिऱ्हाईक कुरकुरते. मग मालक पैसे घेऊन लॅमिंग्टन रोड गाठतो आणि तेथे त्याला सांगितले जाते की, नुसते ग्राफिक्स कार्ड घेऊन भागणार नाही, प्रोसेसरही घ्या. प्रोसेसर घेतला की मदरबोर्ड, आणि बोर्ड घेतला की रॅम. एका कार्डाचे बजेट असे दुप्पट होते. हा सल्ला कधी खरा असतो, तर कधी फक्त दुकानदाराच्या फायद्याचा. तो ओळखता आला तर हलालाच्या कमाईचे चार पैसे वाचतील, म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

आमच्यातल्या जरीच्या कारखानदारांना ही गोष्ट चटकन कळेल. खाका उतरवून देणारा एक आणि अड्ड्यावर बसणारे कारागीर चार. खाका वेळेवर आला नाही, तर कारागीर कितीही तरबेज असला तरी हातावर हात धरून बसतो. संगणकात प्रोसेसर हा खाकावाला आणि ग्राफिक्स कार्ड हा कारागीर. समजा प्रोसेसर सेकंदाला ८० चित्रांचे खाके देऊ शकतो आणि जुने कार्ड ६० चित्रेच काढते. १२० काढणारे नवे कार्ड बसवले तर पडद्यावर १२० नव्हे, ८०च चित्रे दिसतील. वरच्या ४० चे पैसे दिले, पण ती मिळाली नाहीत. मात्र मॉनिटरच ६० हर्ट्झचा असेल, तर तो तशीही साठाच्या वर दाखवत नाही. तेथे प्रोसेसर बदलणे म्हणजे निव्वळ इसराफ.

आपल्या मशीनमध्ये कोण मागे पडतो, हे घरीच तपासता येते. जो गेम सर्वात जास्त खेळला जातो तो लावावा, फ्रेमची मर्यादा काढून टाकावी आणि टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डाचा वापर पाहावा. तो ९५ टक्क्यांच्या आसपास टिकून असेल तर कार्डच दमले आहे, ते बदलावे. वापर ६०-७० टक्क्यांवरच घुटमळत असेल, तर बहुधा प्रोसेसर कमी पडतो. खात्रीसाठी गेमचे रिझोल्यूशन खाली आणावे. फ्रेम वाढल्या तर दोष कार्डाचा. जवळपास तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसरचा. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ यांसारख्या खेळांत भार मुख्यतः प्रोसेसरवर पडतो. पार्लरमध्ये हेच खेळ चालत असतील, तर महागड्या कार्डाने फारसा फरक पडणार नाही.

ही तपासणी करण्याआधी मशीन उघडून साफ करावे. माहुलला हे विशेष सांगावे लागते. रिफायनरी आणि रसायनांच्या टाक्यांच्या शेजारची ही वस्ती. येथील हवेपासून रहिवाशांच्या प्रकृतीला धोका आहे, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ सालीच म्हटले होते. माणसांचे हाल मोठे आहेत, तेथे यंत्राचे काय सांगावे! पण पंख्यावर धुळीचा थर बसला की प्रोसेसर तापतो आणि तापला की स्वतःहून वेग कमी करतो. ब्रश, ब्लोअर आणि थर्मल पेस्टची एक ट्यूब, एवढ्यात कधी कधी काम होऊन जाते.

आता प्रोसेसर बदलायचाच ठरला, तर सर्व काही बोर्डावर अवलंबून आहे. एएमडीचा एएम४ बोर्ड असेल तर मालक नशीबवान. २०१७ सालच्या बहुतेक बोर्डांवरही बायोस अद्ययावत करून राइझेन ५ ५६०० चालतो. जुना बोर्ड, जुनी डीडीआर४ रॅम तशीच राहते. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव कडाडले, तेव्हा या गोष्टीची किंमत कळली. इंटेलवाल्यांचे तसे नाही. सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डावर आठव्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही, सॉकेटचे नाव एकच असले तरी. त्यात विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक इंटेल प्रोसेसर स्वीकारत नाही. अशा मशीनवर महाग कार्ड चढवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पैसे साठवून बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम एकदम बदलावे. चांगले कार्ड मागाहून येईल.

स्वस्त कार्डांतही फसगत आहे. आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड बोर्डाशी फक्त चार लेनने बोलते. जुन्या पीसीआय ३.० बोर्डावर त्याची चाल बरीच मंदावते. इंटेलचे बी५८० नव्या मशीनवर चांगले, पण जुन्या प्रोसेसरसोबत लंगडते. वापरलेले कार्ड घेताना दुकानातच अर्धा तास गेम चालवून पाहावे आणि बिलाशिवाय घेऊ नये. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे मायनिंग बंद पडल्यावर रात्रंदिवस राबवलेली अनेक कार्डे बाजारात आली होती. पॉवर सप्लायही पाहावा. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॉट पुरतात, सर्वच कार्डांना तेवढ्यात भागत नाही.

पक्के बिल घेतले तर १८ टक्के जीएसटी लागतो. नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला धंद्याच्या मशीनवर तो वजा मिळतो, कंपोझिशनवाल्याला नाही. हप्त्यांबाबत मात्र डोळे उघडे ठेवावेत. ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणून जे दिले जाते, त्यात बहुतेक वेळा बँक व्याज लावतेच आणि तेवढीच सूट किमतीत दाखवली जाते. त्या व्याजावर जीएसटीही लागतो. रिझर्व्ह बँकेने शून्य टक्के व्याजाच्या योजनांवर २०१३ सालीच बोट ठेवले होते. तेव्हा सही करण्यापूर्वी कागदावर व्याजाचा रकाना आहे का ते पाहावे, आणि असल्यास तो कागद आपल्या मुफ्तीसाहेबांना दाखवून मगच पुढे जावे.