सिस्टीमचा पायथन आणि आपला पायथन
उबुंटू २२.०४ वर टर्मिनलमध्ये पायथन३ ची आवृत्ती विचारली की ३.१० असे उत्तर येते, मग तो संगणक कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातला असो वा गोकुळ शिरगावच्या केआयटी महाविद्यालयातला. प्रोजेक्टला ३.१२ हवा असेल, तर अनेक विद्यार्थी थेट डिफॉल्टलाच हात घालतात आणि पायथन३ ही लिंक नव्या आवृत्तीकडे वळवतात. नवी आवृत्ती चांगली असेल तर ती साऱ्या सिस्टीमला का नको, असे त्यांना वाटते. पण उबुंटूतला हा पायथन मुळात सिस्टीमच्या स्वतःच्या कामासाठी असतो. पीपीए (पॅकेजेसचे बाहेरचे भांडार) जोडणारी आज्ञा, चुकीची आज्ञा दिल्यावर पर्याय सुचवणारी सोय, इतकेच काय, २२.०४ मधले टर्मिनल उघडणारी स्क्रिप्टसुद्धा पायथनमध्ये आहे. यांना लागणारी एपीटी_पीकेजीसारखी मॉड्यूल्स ३.१० साठीच कंपाइल केलेली असतात. लिंक वळली की ती सापडत नाहीत. ‘आम्ही बदलले, काही बिघडले नाही’ असे सांगणारे खोटे बोलत नाहीत. ज्या आज्ञेला ते मॉड्यूल लागते ती चालवेपर्यंत बिघाड दिसतच नाही. जुना पायथन काढून टाकणे तर त्याहून घातक, कारण त्याच्यासोबत डेस्कटॉपची पॅकेजेसही जातात.

जुनी आवृत्ती असुरक्षित, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. मात्र एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ आधार असलेल्या, आवृत्तीत उबुंटू पाच वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या त्याच ३.१० मध्ये आणून देते, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून धोका ठरत नाही. १ जानेवारी २०२० रोजी पायथन २ चा आधार संपला आणि डिफॉल्ट बदलावेच लागले, हेही खरे; पण ते काम वितरण करणाऱ्यांनी सगळी पॅकेजेस नव्या आवृत्तीशी जुळवून केले. ३.१२ डिफॉल्ट हवा असेल तर उबुंटू २४.०४ बसवावे, तिथे तो तसाच येतो.

नाहीतर डेडस्नेक्स पीपीएवरून ३.१२ शेजारी बसवावा, लिंकला हात लावू नये. व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंटसाठी त्याचे व्हेनव्ह पॅकेज वेगळे घ्यावे लागते, आणि नेमके तेच राहून जाते. मग प्रत्येक प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ‘पायथन३.१२’ या पूर्ण नावाने व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट तयार करावे. ही सोय पायथनमध्ये २०१२ च्या ३.३ पासून आहे. उबुंटू २३.०४ पासून पिप सिस्टीमच्या पायथनमध्ये थेट पॅकेज बसवू देत नाही, तो अडथळा सिस्टीमचा पायथन बिघडू नये यासाठीच आहे. लॅबमधला एकच संगणक अनेक बॅचेस वापरतात, तिथे तर प्रत्येक बॅचची पॅकेजेस अशीच वेगळी राहायला हवीत.