हात मोबाइलकडे का वळतो?

मुलांना मोबाइलवरून रागे भरणारे आम्ही, परवा सत्यनारायणाच्या पूजेचे छायाचित्र फेसबुकवर टाकून तासाभरात दहा वेळा अंगठे मोजीत बसलो! याचे मर्म अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या कबुतरांत सापडते. चकतीवर चोच मारताच दर वेळी दाणा मिळणारे कबुतर, दाणे बंद झाले की लवकरच तो नाद सोडी. पण दाणा कधी मिळे, कधी न मिळे, असे केले की ते चोच मारीतच राही; दाणे बंद झाल्यावरही कितीतरी वेळ. फर्स्टर व स्किनर यांचा या प्रयोगांवरील ग्रंथ १९५७ चा. फेसबुकचा अंगठा २००९ चा. तो कोण देईल, केव्हा देईल, याचा नेम नसतो. आणि चारचौघांनी आपली दखल घ्यावी ही भूक तर जुनीच. आम्ही सूचनांची घंटी बंद केली आहे. तरी हात खिशाकडे जातोच.