कठीण तालूवरील रंध्रे आणि मानवसमूहांतील त्यांची भिन्नता

मानवी कवटी उलटी धरून वरच्या दंतपंक्तीच्या कमानीत पाहिले असता अस्थींचे एक छत दृष्टीस पडते. यालाच कठीण तालू म्हणतात. त्याचा पुढील मोठा भाग वरच्या जबड्याच्या दोन अस्थींनी, तर मागील लहान भाग दोन तालव्यास्थींच्या आडव्या पत्र्यांनी बनलेला असतो. या छतात तीन ठिकाणी रंध्रे असतात. पहिले पटाशीच्या मधल्या दातांमागे मध्यरेषेवर असते. त्यास कृंतकरंध्र म्हणता येईल. दुसरे प्रत्येक बाजूस शेवटच्या दाढांच्या आतल्या अंगास असते. ते बृहत् तालुरंध्र होय. त्याच्या लगेच मागे एक किंवा अधिक लघु तालुरंध्रे असतात.

ही रंध्रे म्हणजे मज्जातंतू व रक्तवाहिन्या यांच्या वाटा होत. बृहत् तालुरंध्रातून बाहेर पडणारा मज्जातंतू पुढे वळून सुळ्याच्या आसपासपर्यंत तालूच्या आवरणास व आतील हिरड्यांस संवेदना पुरवितो. त्याच नावाची रोहिणी त्याच्यासमवेत जाते. लघु रंध्रांतील तंतू मृदू तालूकडे जातात, तर कृंतकरंध्रातून नाकाच्या पडद्यावरून आलेले तंतू तालूच्या पुढील भागात उतरतात. यांपैकी बृहत् तालुरंध्राचे नेमके स्थान जाणणे दंतवैद्यास व शल्यचिकित्सकास अत्यावश्यक असते. बधिरीकरणाची सुई त्याच्या बरीच पुढे टोचली गेली, तर तालूचा मागील भाग बधिर न होण्याचा संभव असतो. आणि रंध्रातून वर जाणाऱ्या नलिकेत सुई प्रमाणाबाहेर खोल गेल्यास औषध नेत्रगुहेपर्यंत पोहोचून रुग्णास काही काळ एकाच्या जागी दोन वस्तू दिसू लागतात.

असे असूनही पाठ्यपुस्तकांतून या रंध्राचे स्थान एकसारखे दिलेले नाही. कोठे ते दुसऱ्या दाढेसमोर, कोठे तिसरीसमोर, तर कोठे त्या दोहोंच्या मध्ये सांगितलेले आढळते. या विसंगतीचा उलगडा मानवसमूहांच्या भिन्नतेने होतो काय, हा प्रश्न अनेक संशोधकांनी हाती घेतला. १९८२ साली वेस्टमोरलँड व ब्लँटन यांनी भारतीय वंशाच्या ३०० कवट्या तपासल्या. सुमारे शेकडा ५१ बाजूंस रंध्र तिसऱ्या दाढेसमोर आढळले. १९८८ साली वांग व सहकारी यांनी १०० चिनी कवट्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दुसऱ्या व तिसऱ्या दाढांमधील स्थान सर्वांत अधिक, म्हणजे शेकडा ४८.५, व तिसऱ्या दाढेसमोरचे शेकडा ३३.५ होते. १९९४ साली अजमानी यांनी ६५ नायजेरियन व ३४ भारतीय कवट्यांची तुलना केली. तिसऱ्या दाढेसमोरचे प्रमाण नायजेरियन कवट्यांत सुमारे शेकडा ४८ व भारतीय कवट्यांत शेकडा ६५ निघाले. २००७ साली सरलया व नायक यांना दक्षिण भारतातील १३२ कवट्यांत हेच प्रमाण सुमारे शेकडा ७५ आढळले.

हे आकडे वरवर पाहता प्रत्येक समूहाची स्वतंत्र रचना सिद्ध झाल्यासारखी वाटते. परंतु तेच आकडे शेजारी शेजारी मांडले की वेगळी गोष्ट ध्यानात येते. नायजेरियन व भारतीय कवट्यांतील अंतर शेकडा १६ आहे. उलट ‘भारतीय’ या एकाच नावाखालील दोन मालिकांतील अंतर, ५१ व ७५, शेकडा २४ आहे. एका नावातील अंतर दोन नावांतील अंतरापेक्षा मोठे असेल, तर ते नाव स्पष्टीकरण म्हणून अपुरे ठरते.

या अंतराची कारणे अनेक असू शकतात. पहिले कारण मोजणीच्या एककाचे. बहुतेक अभ्यासांत कवट्या नव्हे तर बाजू मोजल्या जातात, म्हणजे एका कवटीची दोन निरीक्षणे होतात. परंतु एकाच व्यक्तीच्या दोन बाजू परस्परांपासून स्वतंत्र नसतात. अजमानी यांच्या १३० व ६८ बाजू स्वतंत्र मानल्या, तर त्यांतील फरक संख्याशास्त्राच्या रूढ कसोटीस उतरतो. दोन्ही बाजू अगदी सारख्याच धरून ६५ व ३४ कवट्या हेच एकक मानले, तर तो उतरत नाही. सत्य या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी असणार.

दुसरे कारण मापदंडाचेच आहे. तिसरी दाढ, म्हणजे अक्कलदाढ, हीच मुळात अत्यंत अस्थिर. पुष्कळांना ती येतच नाही. आणि पुढची एखादी दाढ काढली गेल्यास मागच्या दाढा पुढे झुकतात. शिवाय ‘दाढेसमोर’ आणि ‘दोन दाढांच्या मध्ये’ यांतील सीमा प्रत्येक निरीक्षक आपल्या नजरेने ठरवितो. वाढीच्या काळात तर तालू मागील बाजूस लांबत जातो, आणि मुलांच्या कवट्यांत हे रंध्र त्या वयापर्यंत उगवलेल्या शेवटच्या दाढेच्या आसपास आढळते. अर्थात वय ध्यानी न घेता केलेली तुलना निरर्थक होय.

तिसरे कारण सामग्रीच्या इतिहासात आहे. पाश्चात्त्य वैद्यकीय विद्यालयांतील सांगाडे दीर्घकाळ फार मोठ्या प्रमाणावर भारतातून, मुख्यतः कलकत्त्याहून, जात असत. १९८५ साली भारत सरकारने ही निर्यात बंद केली. अशा व्यापारातून आलेल्या कवटीबरोबर त्या माणसाचे गाव, वय वा लिंग यांची नोंद सहसा येत नसे. ‘भारतीय’ हा शब्द येथे पुष्कळदा लोकसमूहाचा नसून केवळ माल जेथून निघाला त्या देशाचा वाचक असतो.

दाढेऐवजी अस्थीवरील स्थिर बिंदूंपासून अंतरे मोजली असता चित्र बरेच निवळते. मध्यरेषेपासून रंध्राचे सरासरी अंतर अजमानी यांच्या भारतीय कवट्यांत १४.७ मिलिमीटर होते. सरलया व नायक यांनाही १४.७ मिलिमीटरच मिळाले. दशांशापर्यंतची ही जुळणी काही अंशी योगायोगाची असेल. तथापि दाढेविषयीचे याच दोन अभ्यासांचे आकडे शेकडा १० ने वेगळे होते, हे विसरता येत नाही. नायजेरियन कवट्यांत हे अंतर १५.४ मिलिमीटर, तर २००५ साली अभ्यासिलेल्या १०५ थाई कवट्यांत १६.२ मिलिमीटर होते. तेव्हा समूहासमूहांत भेद नाही असे म्हणता येणार नाही. मात्र तो एक-दीड मिलिमीटरचा आहे, आणि तालूचे आकारमान लिंगानुसारही बदलत असल्याने मालिकेतील स्त्रीपुरुषांचे प्रमाण ठाऊक नसेल तर त्याचा अर्थ जपूनच लावला पाहिजे.

लघु तालुरंध्रांबाबत प्रश्न अंतराचा नसून संख्येचा आहे. ही संख्या व्यक्तिपरत्वे व एकाच व्यक्तीच्या दोन बाजूंसही बदलते. १९६७ साली बेरी व बेरी यांनी मानवी कवटीवरील ज्या ३० अमापनीय लक्षणांच्या आधारे समूहांची तुलना केली, त्यांत अतिरिक्त लघु तालुरंध्राचा समावेश होता. अशी लक्षणे वय व लिंग यांपासून बव्हंशी मुक्त असतात, ही त्यामागील धारणा होती. १९७४ साली कोरुचिनी यांनी वय व लिंग यांचा संबंध दाखवून ती धारणा तपासणीस लावली. लक्षण उपयोगी आहे. पण ते एकटे कोणत्याही समूहाची ओळख पटवू शकत नाही.

तात्पर्य, बृहत् तालुरंध्र प्रौढ मानवात बहुधा तिसऱ्या दाढेच्या परिसरात, मध्यरेषेपासून सुमारे दीड सेंटिमीटरवर आणि तालूच्या मागील कडेच्या थोडे पुढे असते, एवढे विधान निःशंकपणे करता येते. ‘अमुक लोकांत ते अमुक ठिकाणी असते’ हे विधान करण्यापूर्वी कवटी कोणाची, वय व लिंग काय, एकक बाजू की कवटी, आणि ‘समोर’ या शब्दाची व्याख्या कोणती, या चार प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवणे हे संशोधकाचे कर्तव्य होय. ती उत्तरे नसतील, तर निरीक्षकाच्या सवयी समूहाची शरीररचना म्हणून ग्रंथांत शिरतात, आणि त्यांचे मोल शेवटी सुईखाली बसलेल्या रुग्णाला द्यावे लागते.