‘ससा’ एक, प्राणी तीन : बीगलसह आणि बीगलविना होणाऱ्या शिकारीच्या परिभाषेचा विचार

काही वर्षांपूर्वी अनुवादाच्या तासाला आम्ही पदव्युत्तर वर्गापुढे एक इंग्रजी उतारा ठेवला होता. अमेरिकेतील एका खेड्यात एक शिकारी बीगल जातीची दोन कुत्री घेऊन सशाच्या शिकारीस निघतो, कुत्री सशाच्या मागे लागतात, आणि शिकारी मात्र जागच्या जागी उभा राहतो, एवढाच त्यातील प्रसंग होता. उताऱ्यात कठीण म्हणावा असा शब्द जवळजवळ नव्हता. तरीही बहुतेक अनुवादांत शिकारी कुत्र्यांच्या मागोमाग धावत सुटला होता. ससा पळाला, कुत्री गेली, मग माणसाने उभे का राहावे, हे विद्यार्थ्यांस उमगले नव्हते. आणि जे उमगत नाही ते अनुवादक आपल्या समजुतीप्रमाणे दुरुस्त करून घेतो. एका विद्यार्थिनीने वाक्य बरोबर उतरविले, पण समासात प्रश्नचिन्ह काढले. ते प्रश्नचिन्ह आम्हांस इतर सर्व अनुवादांहून मोलाचे वाटले. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नचिन्हास उत्तर देण्याचा प्रयत्न होय.

आमच्या मते चुकीचे मूळ व्याकरणात नसून ‘ससा’ या शब्दात आहे. मराठीत हा शब्द एकच आहे, कारण आपल्या रानात प्राणी एकच आहे. इंग्रजीत मात्र ‘हेअर’ आणि ‘रॅबिट’ हे दोन शब्द आहेत, आणि अमेरिकेत ‘रॅबिट’ या शब्दाखाली आणखी एक निराळा प्राणी येऊन बसला आहे. या तिघांच्या सवयी भिन्न आहेत, आणि शिकारीची रीत सवयींवरूनच ठरते.

प्रथम आपला ससा घेऊ. प्राणिशास्त्रात ज्यास ‘लेपस निग्रिकोलिस’ म्हणतात, तो हा मानेवर काळा डाग असलेला प्राणी. हा बीळ खणीत नाही. गवतात किंवा झुडपाच्या बुडाशी लहानशी खळगी करून तीत दडून बसतो, आणि संकट आले म्हणजे पायांच्या बळावर मोकळ्या रानात धूम ठोकतो. त्याची पिले जन्मतः केसाळ व उघड्या डोळ्यांची असतात. युरोपातील ‘हेअर’ हा याच कुळातला. शब्दांचे नातेही तितकेच जवळचे आहे. संस्कृत ‘शश’, प्राकृत ‘सस’ आणि मराठी ‘ससा’ ही आपल्याकडील परंपरा. जर्मन ‘हाझे’ आणि इंग्रजी ‘हेअर’ ही त्याच मूळ शब्दाची तिकडील रूपे होत. ‘करडा’ असा या शब्दाचा मूळ अर्थ असावा, असे तौलनिक भाषाशास्त्र मानते. म्हणजे ‘ससा’ आणि ‘हेअर’ हे अर्थाने व वंशाने, दोन्ही परींनी सख्खे होत.

‘रॅबिट’ची गोष्ट निराळी. हा मूळचा आयबेरियन द्वीपकल्पातला, जमिनीत बिळांचे जाळे करून कळपाने राहणारा प्राणी. इंग्लंडात तो नॉर्मनांच्या अमदानीत रुजला. त्याची पिले बिळात, उघडी व मिटल्या डोळ्यांची जन्मतात. लॅटिनमध्ये त्याचे नाव ‘कुनिक्युलस’. याच शब्दाचा भुयार असाही अर्थ होतो. त्यापासून इंग्रजीत ‘कोनी’ हा शब्द आला. ‘रॅबिट’ हे प्रारंभी केवळ कोनीच्या पिलाचे नाव होते. पुढे पिलाच्या नावाने मोठ्याचे नाव हटविले. पाळीव पांढरे ससे याच प्राण्याचे वंशज आहेत. आपल्या घरी पिंजऱ्यात असतो तो ससा आणि माळावर असतो तो ससा हे एकाच जातीचे नव्हेत, याची मराठी भाषकास सहसा जाणीव नसते, कारण भाषा ती करून देत नाही.

तिसरा प्राणी अमेरिकेतला. युरोपीय वसाहतवाले तेथे गेले तेव्हा त्यांनी रानातल्या एका लहान करड्या-तपकिरी प्राण्यास आपल्या ओळखीचे ‘रॅबिट’ हे नाव दिले. शेपटीच्या कापसासारख्या पांढऱ्या बुडख्यावरून त्यास ‘कॉटनटेल’ म्हणतात. त्याची पिले रॅबिटप्रमाणे उघडी व आंधळी जन्मतात. पण तो स्वतः बीळ खणीत नाही. झुडपांच्या जाळीत, पडलेल्या फांद्यांच्या ढिगात किंवा उंच गवतात तो राहतो, आणि फारच निकड पडली तर दुसऱ्या प्राण्याने खणलेल्या बिळाचा आसरा घेतो. अमेरिकन इंग्रजीत नावांचा घोटाळा येथेच थांबत नाही. गाढवासारख्या लांब कानांमुळे ज्यास ‘जॅकरॅबिट’ म्हणतात तो प्रत्यक्षात हेअर आहे, आणि ‘बेल्जियन हेअर’ नावाने पाळला जातो तो प्रत्यक्षात रॅबिट आहे. नावावरून प्राणी ओळखू जाणारा अनुवादक येथे हमखास फसतो.

आता शिकारीकडे वळू. अमेरिकेत ‘रॅबिट’ची शिकार म्हणजे बहुधा कॉटनटेलची शिकार. ती दोन प्रकारांनी होते, आणि या दोन प्रकारांतील भेद थोडक्यात सांगावयाचा तर एक डोळ्यांची शिकार आहे व दुसरी कानांची.

बीगल नसेल तेव्हा शिकाऱ्याला ससा स्वतः शोधावा लागतो. कॉटनटेलचा पहिला बचाव पळणे हा नसून निश्चल बसणे हा आहे. त्यामुळे अनुभवी शिकारी चार पावले चालतो आणि थांबतो, पुन्हा चार पावले चालतो आणि थांबतो. एकसारख्या चालणाऱ्या माणसास ससा जाऊ देतो. पाऊल थांबले म्हणजे मात्र आपण दिसलो असे वाटून तो बिथरतो व उसळी घेऊन बाहेर पडतो. फांद्यांचे ढीग पायाने हलविणे, थंडीच्या दिवशी दक्षिणेकडे उतरणाऱ्या उन्हाच्या बाजू पाहणे, ताज्या बर्फावरील पावले वाचणे, ही या रीतीतील मुख्य कामे. पावलांच्या ठशांत मागील लांब पायांचे ठसे पुढे आणि पुढील पायांचे मागे उमटतात. हे ठाऊक नसेल तर माणूस उलट्या दिशेने जातो. दडलेल्या सशाचे अंग गवतात मिसळून जाते, म्हणून शिकारी सगळा ससा शोधीत नाही. काळा, वाटोळा, चकाकणारा डोळा तेवढा शोधतो.

बीगल असेल तेव्हा हे सर्व पालटते. बीगल हा आखूड पायांचा, लांब कानांचा, वासावरून माग काढणारा कुत्रा. अमेरिकेतील श्वानसंस्थेच्या नियमांत त्याचे दोन वर्ग आहेत : खांद्यापाशी १३ इंचांपर्यंत उंचीचा, आणि १३ ते १५ इंचांचा. चार्ल्स डार्विनने १८३१ ते १८३६ या काळात ज्या जहाजातून प्रवास केला त्यास याच कुत्र्याचे नाव होते, एवढी ओळख मराठी वाचकास असते. ‘बीगल’ या शब्दाचा संबंध ‘उघडा गळा’ अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दांशी जोडला जातो. ही व्युत्पत्ती सर्वमान्य नाही, परंतु कुत्र्याच्या गुणास ती शोभते. मागावर असताना तो गप्प राहत नाही. गळा मोकळा सोडून हेल काढीत जातो.

आणि येथेच आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर आहे. कॉटनटेलचा वावर थोड्या एकरांच्या ओळखीच्या टापूत असतो. त्या टापूबाहेरचे रान त्यास अपरिचित व म्हणून धोक्याचे असते. कुत्रे मागे लागले की तो सरळ रेषेत पळून जात नाही. वर्तुळ घेऊन, जेथून उठला तेथेच जवळपास परत येतो. म्हणून जाणता शिकारी ससा उठला त्या ठिकाणापाशी, नजर मोकळी राहील अशी जागा पाहून, न हलता उभा राहतो. कुत्र्यांमागे धावणाऱ्यास ससा दिसणार नाही, कारण ससा त्याच्या पाठीमागे येऊन पोहोचलेला असेल. येताना तो कुत्र्यांच्या बराच पुढे असतो, आणि धावत नसून बहुधा उड्या मारीत, मध्येच थांबून कानोसा घेत येतो.

यावरून बीगलच्या आखूड पायांचे मोलही कळते. कुत्रा वेगवान असता तर जिवावर बेतलेला ससा वर्तुळ सोडून पहिल्या सापडलेल्या बिळात शिरला असता आणि शिकार तेथेच संपली असती. संथ कुत्रा सशास धाक देतो, पण घाबरवून सोडीत नाही. बीगलने ससा पकडावा अशी अपेक्षाच नसते. त्याने तो फिरवून आणावा, एवढीच असते.

या काळात शिकाऱ्यास ससा दिसत नाही, पुष्कळदा कुत्रीही दिसत नाहीत. त्यास जे कळते ते आवाजावरून. पहिला तुटक आवाज म्हणजे माग लागला. सलग हेल म्हणजे माग ताजा आहे. एकदम शांतता म्हणजे माग चुकला, ससा वळला किंवा आल्या पावली मागे फिरून बाजूस उडी मारून गेला. आणि आवाज पुन्हा जवळ येऊ लागला म्हणजे वर्तुळ पुरे होत आले. बीगल बाळगणारे लोक कुत्र्याच्या आवाजास ‘तोंड’ म्हणतात आणि लांब हेलाचे तोंड व तुटक तोंड असे त्याचे भेद करतात. माग नसता उगाच ओरडणाऱ्या कुत्र्यास ‘बडबड्या’ अशा अर्थाचे नाव आहे, आणि तो मोठा दोष समजला जातो. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने यातील मर्म ध्यानी घ्यावे. बडबड्या कुत्र्याचा आवाज इतरांसारखाच असतो. दोष आवाजात नाही, आवाज आणि वस्तुस्थिती यांचा संबंध तुटण्यात आहे. खूण विश्वासार्ह राहिली नाही की ती खूणच उरत नाही, हा सिद्धान्त तेथील शेतकरी कुत्रा विकत घेताना प्रत्यक्ष वापरतो.

शिकारीच्या हंगामाचाही येथे विचार केला पाहिजे. अमेरिकेत हंगामाच्या तारखा प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे ठरविते; बहुतेक ठिकाणी तो शरद ऋतूत सुरू होऊन हिवाळ्याच्या अखेरीस संपतो, आणि एका दिवसात किती ससे मारावे यावरही मर्यादा असते. वसंतापासून उन्हाळ्याअखेर कॉटनटेलची वीण चालते. गर्भकाळ सुमारे २८ दिवसांचा असल्याने एका मादीची वर्षात अनेक वेते होतात. ही वीण संपल्यावर हंगाम उघडतो. कडाक्याची थंडी पडल्यावरच शिकारीस निघावे असा जुना संकेतही आहे. सशांपासून माणसास होणारा ट्युलरेमिया हा रोग गोचिडी व माश्यांमार्फत सशांत पसरतो. थंडीने हे कीटक कमी होतात. म्हणूनच ससा सोलताना हातमोजे घालण्याची सूचना दिली जाते.

हंगामाच्या आरंभी रान दाट असते. तेव्हा डोळा निरुपयोगी ठरतो व बीगलचे महत्त्व वाढते. ओलसर, मवाळ हवेत वास जमिनीवर टिकतो. कोरड्या, गोठलेल्या जमिनीवर टिकत नाही. हंगामाच्या उत्तरार्धात गवत आडवे होते, बर्फावर पावले उमटतात, आणि एकटा माणूसही ससा शोधू शकतो. कित्येक राज्यांत बंदूक न वापरता केवळ कुत्री शिकविण्यासाठी निराळा काळ नेमलेला असतो. अशा दिवसांत लोक सशामागे कुत्री सोडतात, आवाज ऐकतात आणि रिकाम्या हाताने घरी येतात. मारणे वगळूनही ही रीत पुरी होऊ शकते, ती ऐकण्यासाठीच पुष्कळांना हवी असते, हे यावरून दिसते.

इंग्लंडात बीगलची परंपरा याहून वेगळी होती. तेथे बीगलांचा मोठा ताफा घेऊन माणसे पायी हेअरच्या मागे जात. हेअरही वर्तुळ घेतो, पण त्याचे वर्तुळ फार मोठे असते. बंदूक नसे, आणि हेअर दमेपर्यंत कुत्र्यांनी पाठलाग करावा हाच हेतू असे. इंग्लंड व वेल्सपुरता २००४ साली झालेला शिकारविषयक कायदा २००५ च्या फेब्रुवारीत अमलात आला आणि या पाठलागास बंदी झाली. त्याच कायद्याने जमीनमालकाच्या संमतीने कुत्र्यांकरवी रॅबिटची शिकार करण्यास मात्र सूट ठेवली. आता या दोन तरतुदी मराठीत उतरवून पाहाव्या. दोन्हीकडे ‘ससा’ लिहिला तर कायदा एका कलमाने सशाच्या शिकारीस मनाई करतो आणि दुसऱ्याने ती मोकळी ठेवतो, असे होईल. मूळ मजकुरात विसंगती नाही. ती अनुवादाने निर्माण केलेली आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली रानातील सशाची शिकार आज गुन्हा आहे, पाळीव ससा पाळणे मात्र गुन्हा नाही. म्हणजे हा भेद मराठी वाचकास अगदीच परका नाही.

मराठीत शिकारीची परिभाषा दरिद्री नाही. ‘माग’, ‘हाका’, ‘जाळी’, ससे धरण्याचे जाळे या अर्थाचा ‘वाघूर’, असे नेमके शब्द आपल्यापाशी आहेत. परंतु ही परिभाषा मोकळ्या रानात सरळ पळणाऱ्या, हाकून जाळ्यात घालावयाच्या सशाभोवती घडलेली आहे. ‘ससेहोलपट’ हा शब्द पाहावा. ससा आणि होलपटणे यांपासून तो उघडपणे बनला असून जीव नकोसा होईपर्यंतची फरफट तो दाखवितो. (‘ससेमिरा’चा मात्र सशाशी काही संबंध नाही, तो विक्रमकथेतील चार श्लोकांच्या आद्याक्षरांपासून आलेला आहे.) आमच्या वर्गातील कित्येकांनी बीगलच्या पाठलागास ‘ससेहोलपट’ हाच शब्द योजला होता. इंग्लंडातील हेअरच्या पाठलागास तो चपखल बसला असता. कॉटनटेलच्या बाबतीत तो चुकतो, कारण तेथे होलपट झाली की कुत्रा नापास होतो. शेवट दोन्हीकडे सशाच्या मृत्यूत होऊ शकतो, हे खरे. पण शब्द शेवटाचे नव्हे, रीतीचे वर्णन करीत असतो.

व्यवहारापुरती आमची सूचना अशी आहे. हेअरसाठी ‘ससा’ हा शब्द राखून ठेवावा, कारण तो त्याचाच आहे. युरोपीय रॅबिटसाठी ‘बिळातला ससा’ म्हणावे. अमेरिकन प्राण्यासाठी पहिल्या उल्लेखात ‘कॉटनटेल ससा’ लिहून पुढे हवे तर नुसते ‘ससा’ लिहावे. कोणता शब्द योजावयाचा हे ठरविण्यापूर्वी मात्र अनुवादकाने एकच प्रश्न विचारावा : उठवलेला हा प्राणी कोठे जातो? सरळ रानात, बिळात, की फिरून जागेवर? याचे उत्तर मिळाले की शिकारी उभा का आहे, हेही कळते, आणि त्यास उगाच धावावयास लावण्याचे कारण उरत नाही.