कोऱ्या यंत्राला वाचायला कोण शिकवते?

कला शाखेच्या वार्षिकात संगणकाचे नाव दिसताच काही वाचक पान उलटतील, याची मला कल्पना आहे. ‘हे विज्ञान महाविद्यालयाच्या अंकाला पाठव,’ असे एका मैत्रिणीने ऐकवलेही. पण मला पडलेला प्रश्न कुणालाही पडावा असा आहे. संगणकाला जे काही करायचे असेल ते आधी त्याच्या स्मृतीत लिहून ठेवावे लागते. ‘फितीवरचा मजकूर वाचून स्मृतीत घाल’ ही गोष्टसुद्धा त्याला लिहूनच द्यावी लागते. मग ज्या यंत्राची स्मृती पूर्ण कोरी आहे, ते पहिली फीत वाचणार कसे? ज्याला अक्षरओळखच नाही त्याच्या हाती बाराखडीचे पुस्तक देऊन काय उपयोग?

आज कळ दाबली की पडदा उजळतो आणि हा प्रश्न आपल्याला शिवतही नाही. पण एके काळी तो माणसाला रोज स्वतःच्या बोटांनी सोडवावा लागे.

१९६५ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या मेनार्ड या गावच्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीने पीडीपी-८ नावाचा संगणक विक्रीस आणला. किंमत १८,००० डॉलर. रक्कम लहान नव्हे. पण त्या वेळचे मोठे संगणक लाखो डॉलरना पडत, त्यांना स्वतंत्र दालन लागे आणि सामान्य वापरणाऱ्याला त्यांच्या जवळ जाण्याचीही मुभा नसे. पीडीपी-८ छोट्या फ्रीजएवढा होता. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात मावे आणि ज्याचे काम तोच त्याच्यापुढे बसे. अशा यंत्रांना ‘मिनीकॉम्प्युटर’ म्हणू लागले. आपल्याकडे १९६९ साली आलेला टीडीसी-१२ हाही याच मापाचा, बारा बिटांचा संगणक. त्याच्या नावातला ‘टी’ म्हणजे ट्रॉम्बे.

पीडीपी-८ ची मूळ स्मृती ४०९६ शब्दांची. इथे शब्द म्हणजे बारा बिटांचा गट, म्हणजे ओळीने मांडलेली बारा ‘हो किंवा नाही’ अशी उत्तरे. एवढ्या जागेत सगळा संसार करायचा.

यंत्राशी बोलायचे साधन म्हणजे टेलीटाइप. हे तारायंत्राच्या घराण्यातले टाइपरायटर. त्याच्या डाव्या अंगाला कागदी फीत वाचणारी आणि फितीला भोके पाडणारी अशी दोन छोटी यंत्रे जोडलेली असत. फीत एक इंच रुंद. तिच्यावर आडव्या एका ओळीत आठ भोकांची जागा असते. भोक असले तर एक, नसले तर शून्य. अशी एक ओळ म्हणजे एक अक्षर, आणि एका इंचात दहा अक्षरे. मधून बारीक भोकांची एक अखंड रांग जाते, ती दातेरी चाकाने फीत पुढे ओढण्यासाठी. ही रांग मुद्दामच बरोबर मध्यावर नसते. तिच्या एका बाजूला पाच भोकांची जागा, दुसऱ्या बाजूला तीन. त्यामुळे फीत उलटी बसवली गेली तर लगेच लक्षात येते.

या फितीचे एक वैशिष्ट्य मला फार आवडले. कागदाला पाडलेले भोक बुजवता येत नाही. मग चूक झाली तर खोडायची कशी? उपाय असा, की फीत एक अक्षर मागे घ्यायची आणि चुकलेल्या अक्षरावर उरलेली सगळी भोके पाडून टाकायची. पूर्ण भोकांची ओळ आली की ती नसल्यासारखी समजून पुढे जायचे, असा संकेत होता. आजच्या संगणकांच्या अक्षरसंकेतात ‘डिलीट’ला १२७ हा क्रमांक आहे, सात बिटांत १२७ म्हणजे सातही ठिकाणी एक. कागद गेला, पण खोडण्याची ती तऱ्हा आकड्याच्या रूपाने अजून आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पीडीपी-८ च्या दर्शनी पट्टीवर दिव्यांच्या रांगा आणि बारा खटक्यांची एक ओळ असे. खटका वर म्हणजे एक, खाली म्हणजे शून्य. तीन-तीन खटक्यांचा गट धरला की ० ते ७ पर्यंतचा एक अंक होतो, म्हणून बारा खटक्यांवर चार अंकी संख्या मांडता येते. या मोजणीत ८ आणि ९ नाहीतच; ७७५७ च्या नंतर ७७६० येतो. खटक्यांवर स्मृतीतल्या घराचा पत्ता मांडून एक कळ दाबायची, मग त्या घरात घालायचा शब्द मांडून दुसरी कळ उचलायची. शब्द स्मृतीत जातो आणि यंत्र आपण होऊन पुढच्या घरावर सरकते. ही सोय यंत्राच्या तारांमध्येच असते, तिला प्रोग्रॅम लागत नाही. कोऱ्या यंत्राला पहिली अक्षरे शिकवायची वाट ती हीच.

टेलीटाइपवरून फीत वाचण्यापुरता जो सर्वांत छोटा प्रोग्रॅम लागे त्याला ‘रिम लोडर’ म्हणत. तो ७७५६ या घरापासून सुरू होई आणि त्यात सोळा शब्द असत. सोळा गुणिले बारा, म्हणजे १९२ खटके. नेहमी काम करणाऱ्यांना ते सोळाही आकडे पाठ असत.

माझ्या मामांनी हौसेने पीडीपी-८ ची एक प्रतिकृती जुळवली आहे. खटके आणि दिवे मुळाबरहुकूम, आत मात्र आजचा तळहाताएवढा संगणक जुन्याची नक्कल करतो. फीतही खरी नाही, तिच्यावरच्या भोकांची नोंद तेवढी आहे. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी मला ते सोळा शब्द घालायला बसवले. वीस मिनिटे लागली. सुरू करायची कळ दाबली, फीत चालू लागली, शेवटपर्यंत गेली, आणि स्मृतीत भलतेच काहीतरी येऊन बसले. मामा म्हणाले, “अगं, यंत्र चुकत नाही. तू काय सांगितलंस ते एकेक घर उघडून बघ.” उघडून पाहिले. तिसऱ्याच घरात ५३५७ हवे होते, मी ५३७५ घातले होते.

ही चूक नीट समजावून सांगण्यासारखी आहे. दुसऱ्या घरात ६०३१ ही आज्ञा असते. तिचा अर्थ, ‘फितीवरून अक्षर आले असेल तर पुढची आज्ञा सोडून दे.’ तिसऱ्या घरातले ५३५७ सांगते, ‘मागच्या घरी जा.’ म्हणजे दोघी मिळून विचारत राहतात: आले का? नाही. आले का? नाही. टेलीटाइप सेकंदाला दहाच अक्षरे वाचतो, आणि यंत्र एवढे चपळ की एका अक्षराची वाट पाहताना हा प्रश्न पंधरा हजारांहून अधिक वेळा विचारून होतो. मी ५ आणि ७ यांची अदलाबदल केली, त्यामुळे ‘मागच्या घरी जा’ऐवजी ‘शेवटच्या घरी जा’ असे झाले. शेवटचे घर पुन्हा पहिल्या घरी पाठवते, आणि पहिल्या घरातली आज्ञा आलेल्या अक्षराची खूणच पुसून टाकते. पाहुणा दाराशी आला की नाही हे बघण्याआधी दार लावून घ्यावे, तसे. काही अक्षरे आत आली, बाकीची निसटून गेली.

उरलेल्या आज्ञांचे काम छाटणीचे. फितीच्या सुरुवातीला आणि शेवटी फक्त आठवे भोक पाडलेला लांब पट्टा असतो. आठवे भोक दिसले की ते अक्षर सोडून द्यायचे. सातवे भोक असले तर येणारा शब्द हा घराचा पत्ता, नसले तर त्या घरात ठेवायचा मजकूर. बारा बिटांचा शब्द एका ओळीत मावत नाही, म्हणून सहा-सहाचे दोन तुकडे वाचून ते जोडायचे. एवढे सगळे सोळा शब्दांत बसवणाऱ्याचे कौतुक करावे तेवढे थोडे.

रिम लोडर मात्र अगदीच भोळा. त्याला प्रत्येक शब्दाआधी त्याचा पत्ता सांगावा लागतो, म्हणून फीत दुप्पट लांब होते. शिवाय वाचलेले बरोबर की चूक हे त्याला कळत नाही. म्हणून त्याच्याकडून एकच काम करून घेत: त्याच्यापेक्षा शहाणा ‘बिन लोडर’ फितीवरून वाचून घेणे. यापुढच्या सर्व फिती हा बिन लोडर वाचे. तो वाचता वाचता सगळ्या आकड्यांची बेरीज करी आणि फितीच्या शेवटी छापलेल्या बेरजेशी ताडून पाही. वजाबाकी शून्य आली तर वाचन बरोबर. यंत्र थांबे तेव्हा ‘अॅक्युम्युलेटर’ नावाच्या ओळीतले बारा दिवे बघायचे. एकही पेटलेला नसला तर सुटलो. एखादा जरी पेटलेला दिसला तरी फीत पुन्हा पहिल्यापासून.

पुन्हा पहिल्यापासून म्हणजे किती? पूर्ण ४०९६ शब्द भरायचे तर ८१९२ ओळी, म्हणजे सुमारे ६८ फूट फीत. सेकंदाला दहा या वेगाने तिला साडेतेरा मिनिटांहून जास्त वेळ लागतो. प्रकाशाने वाचणारे वेगळे यंत्र विकत घेतले तर ते सेकंदाला ३०० ओळी वाची आणि हेच काम अर्ध्या मिनिटात होई. पण ते घेणे सर्वांना परवडत नसे.

हे झाले दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम चालवण्याचे. स्वतः लिहायचा तर आधी ‘एडिटर’ची फीत भरा, आज्ञा टंकून त्यांची फीत काढून घ्या, मग ‘पाल-३’ या भाषांतरकाराची फीत भरा. हा तुमची फीत एकदा वाचून नुसती नावे टिपून घेई आणि दुसऱ्यांदा वाचून यंत्राच्या आकड्यांची नवी फीत पाडून देई. छापील प्रत हवी असेल तर तिसऱ्यांदा. शेवटी ती नवी फीत बिन लोडरकडून वाचून घ्यायची. एक आज्ञा चुकल्याचे कळले की पुन्हा एडिटरपासून सुरुवात. त्या काळचे लोक कागदावर इतक्या काळजीने का लिहीत असतील, ते मला इथे उमगले.

एक दिलासा होता. त्या वेळची स्मृती लोहचुंबकीय मण्यांची होती. वीज गेली तरी मण्यांतले चुंबकत्व टिके. एकदा घातलेला लोडर दुसऱ्या दिवशीही जागेवर सापडे. म्हणून दोन्ही लोडर स्मृतीच्या शेवटच्या घरांत ठेवत, आणि आपल्या प्रोग्रॅमने तिकडे फिरकू नये अशी सर्वांची रीत होती. एखाद्याचा प्रोग्रॅम भरकटून ती घरे पुसून गेला, की पुढच्या माणसाच्या नशिबी पुन्हा १९२ खटके. १९७० च्या पीडीपी-८/ई या नमुन्यासाठी हे शब्द डायोडांच्या पट्टीवर कायमचे बसवून देण्याची सोय निघाली, तीही वेगळे पैसे मोजून.

या उद्योगाला इंग्रजीत ‘बूटस्ट्रॅप’ म्हणत. बुटाच्या मागे चामड्याचा फासा असतो, तो ओढून स्वतःलाच वर उचलायचे, अशी ती कल्पना. आपण म्हणू, स्वतःच्या शेंडीला धरून उभे राहणे. संगणक ‘बूट झाला’ असे आपण आज म्हणतो, तो याच शब्दाचा उरलेला तुकडा.

तर मी ५३७५ चे ५३५७ केले. रिम लोडरने बिन लोडर वाचला. बिन लोडरने ‘फोकल’ या गणिती भाषेची १९६९ सालची फीत वाचायला घेतली. मामा चहा करून आले तरी ती चालूच होती. अखेर यंत्र थांबले. मी वाकून पाहिले, बाराही दिवे विझलेले. ०२०० हा पत्ता मांडून कळ दाबली, तेव्हा फोकलने काय छापावे? अभिनंदन! तुम्ही मला यशस्वीपणे भरले आहे, अशा अर्थाचे वाक्य. १९६९ साली ते लिहिणाऱ्याला वाचणाऱ्याचे हाल ठाऊक होते. त्याच्याखाली लगेच प्रश्न होता, लॉगॅरिथम वगैरे ठेवू की जागा मोकळी करू? मी ‘नको’ असे उत्तर दिले.